सतरा पायऱ्या आणि एक भागाकार

आमच्या श्रीरामपूरच्या घराला सतरा पायऱ्या आहेत. खाली बाबांचं भुसार मालाचं दुकान, वर आम्ही. मेन रोडच्या मागच्या गल्ल्यांमध्ये अशी घरं अजून बरीच सापडतील. पुढे शटर, शटरच्या कडेला एक चिंचोळं दार, दारातून आत गेलं की जिना. आमच्या जिन्याच्या पहिल्या तीन पायऱ्या वळणाच्या आहेत, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळत्या. पुढच्या चौदा सरळ. रुंदी पावणेतीन फूट. हे सगळे आकडे मला पाठ आहेत, कारण गेल्या वर्षी मी हा जिना चार वेळा मोजला. त्याआधी एकोणतीस वर्षं मी त्याच्यावरून नुसती धावत होते.

आजी ८१ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे झिजलेले. हृदयाचं दुखणं असल्यामुळे डॉक्टरांनी गुडघे बदलण्याचा विषय कधीच बंद केलेला. चढण्यापेक्षा उतरणं तिला जास्त अवघड जातं, कारण उतरताना अंगाचा सगळा भार एका वाकलेल्या गुडघ्यावर येतो. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात वळणाच्या पायरीवरून तिचा पाय सरकला. काही मोडलं नाही. पण त्या दिवसापासून चौदा महिने ती खाली आली नाही. म्हणजे दोनदा आली, दवाखान्यात जाण्यासाठी. दोन्ही वेळा तिला उचलून आणावं लागलं.

दुसऱ्या वेळी मी तिथे होते. प्लॅस्टिकच्या खुर्चीत तिला बसवलं आणि माझ्या ओढणीने कमरेशी बांधलं. पाठीमागून बाबांनी धरलं, पायांकडून दुकानातल्या मामांनी. मामा आमच्याकडे तीस वर्षं पोती उतरवतात. खुर्ची मागे कलली तसे आजीने डोळे मिटले आणि पदर दोन्ही मुठींत गच्च धरला. वळणावर खुर्चीचा पाय भिंतीला घासला. "थांबा," ती म्हणाली. कुणी थांबलं नाही, कारण तिथे थांबता येण्यासारखं नव्हतं. खाली टेकवल्यावर मामा स्वतःचा गुडघा चोळत बाजूला झाले आणि आजी म्हणाली, "अजून दोघं बोलवायची होती. चौघं झाली असती."

सगळे हसले. मीही हसले. त्या रात्री पुण्याला परतताना गाडीत मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. दौंड यायच्या आत मी फोनवर जिन्याची खुर्ची शोधायला लागले होते.

*

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जिन्याच्या कडेने एक रूळ बसवतात. तो भिंतीला नाही, पायऱ्यांना घट्ट केलेला असतो, म्हणून भिंत जुनी असली तरी चालतं. त्या रुळावरून एक खुर्ची सावकाश वर-खाली जाते. वापर नसला की आसन, हात आणि पाय ठेवायची फळी दुमडून ठेवता येते. कमरेला पट्टा असतो. फळीला काही अडलं की खुर्ची आपोआप थांबते. वर पोचल्यावर आसन फिरवता येतं, म्हणजे माणसाला जिन्याकडे पाठ करून सपाट जमिनीवर उतरता येतं. चालते बॅटरीवर. रुळाच्या टोकाला उभी असताना बॅटरी चार्ज होत राहते, त्यामुळे वीज गेली तरी माणूस मधेच लटकत नाही. श्रीरामपुरात वाढलेल्यांना या शेवटच्या मुद्द्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

कल्पना नवी नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात सी. सी. क्रिस्पेन नावाच्या मोटारी विकणाऱ्या माणसाने आपल्या आजारी मित्रासाठी रुळावरून जिना चढणारी घडीची खुर्ची बनवली. आजच्या खुर्च्या तिच्याच वंशातल्या.

निवड करायला बसलं की पहिला प्रश्न येतो तो जिन्याच्या आकाराचा. सरळ जिन्याचा रूळ तयार मिळतो आणि हवा तेवढा कापून बसवतात. उद्या गरज संपली तर तो काढून दुसऱ्या घरी वापरता येतो. वळणाच्या जिन्याचा रूळ त्या एकाच जिन्याच्या मापाने वाकवून घडवावा लागतो आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही जिन्याला तो बसत नाही. किमतीतला मोठा फरक इथे पडतो. आमच्या तीन वळणाच्या पायऱ्यांनी आम्हाला दुसऱ्या रांगेत उभं केलं.

पुण्याहून एक माणूस माप घ्यायला आला. अर्धा तास तो जिन्यावर होता. रुंदी, उंची, तिरपेपणा, वरच्या दारापर्यंतचं अंतर, सगळं त्याने नोंदवलं आणि चाळीसेक फोटो काढले. आजी आतल्या खोलीत मेथी निवडत होती. तो तिला भेटलाच नाही. आम्हीही भेटवलं नाही. आठ दिवसांनी भाव आला: सगळं धरून ६ लाख ५७ हजार.

*

आता मी जे केलं ते सांगते. सांगायला बरं वाटत नाही, पण हा लेख त्यासाठीच लिहिते आहे.

ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर कॅल्क्युलेटर उघडला. ६,५७,००० भागिले ५ वर्षं, भागिले ३६५ दिवस. उत्तर आलं ३६०. दिवसाला ३६० रुपये. मला हायसं वाटलं. दिवसाला ३६० रुपये म्हणजे पुण्यात आम्ही दोघी मैत्रिणी कॉफी प्यायला बसलो की होणारा खर्च. तेवढ्यात आजी खाली येऊ शकते. मग मी दहा वर्षं धरून पाहिलं: १८०. अजून छान. मग दोन वर्षं धरली: ९००. हे जरा महाग वाटलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी कशाने भागते आहे.

पाच हा आकडा मला कुणी दिला होता? यंत्राच्या कागदांवर तो नव्हता. तो मी आजीकडे बघून धरला होता, आणि धरताना मला काही वाटलंही नव्हतं. आपण वॉशिंग मशीन घेताना ते किती वर्षं टिकेल याने भागतो. इथे यंत्र टिकणारच होतं. ती किती टिकेल याने मी भागत होते. भागाकार बरोबर होता. त्यात एकच अट होती: आजी जितकी जास्त जगेल तितकी खुर्ची स्वस्त.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? पैसे मर्यादित असतात, हिशेब करावाच लागतो. बरोबर आहे. बाबांनी त्याच आठवड्यात दुकानासाठी कर्ज काढलं होतं, माझ्या धाकट्या भावाची फी भरायची होती. हिशेब न करता साडेसहा लाख खर्च करणारं घर आमचं नाही. कुठलंही सरकार दवाखाने बांधताना, औषधं विकत घेताना असाच भागाकार करतं, आणि करायलाच हवा. हजारो अनोळखी माणसांमध्ये पैसा वाटायचा असेल तर न्यायाने वाटण्यासाठी सरासरी लागते.

पण आजी सरासरी नाही. तिच्या बाबतीत हा भागाकार वाईट कशामुळे ठरतो यावर मी बरेच दिवस विचार केला. माझ्या मते कारण असं. ज्या क्षणी मी तिच्या उरलेल्या वर्षांनी भागते, त्या क्षणी मी प्रश्न बदललेला असतो. 'तिला खाली जायचं आहे का, तिथे तिला काय करायचं आहे' हा प्रश्न बाजूला पडतो आणि 'तिच्यावर एवढा खर्च परवडतो का' हा पुढे येतो. पहिला प्रश्न तिला विचारावा लागतो. दुसऱ्यासाठी ती खोलीत असायचीही गरज नसते. माप घ्यायला आलेला माणूस तिला न भेटता गेला तो याच कारणाने.

*

तिला विचारलं तेव्हा ती सरळ म्हणाली, "मला नको."

का नको, ते सांगेना. आम्ही पर्याय मांडले. बाबा म्हणाले, खाली दुकानाच्या मागे गोदाम आहे, तिथे फरशी घालू, संडास-बाथरूम करू, तू खालीच राहा. खरं तर हा सगळ्यांत स्वस्त आणि शहाणा उपाय होता. वयस्कर माणसांना तळमजल्यावर हलवा, असं कुणीही सांगेल. आजी म्हणाली, "तीळ-शेंगदाण्याशेजारी मलाबी ठेवता का गोदामात?" आई म्हणाली, छोटी लिफ्ट बसवू. त्यासाठी मागची भिंत आणि स्लॅब फोडावा लागणार होता. आजी म्हणाली, "माझ्यासाठी घर फोडू नका." भावाने सुचवलं की दोन्ही बाजूंनी कठडा लावू, रोज व्यायाम कर. आजीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

मग एका दुपारी आम्ही दोघीच असताना ती बोलली. "आजवर कुणाची उचल घेतली नाही बघ."

हा शब्द बाहेरच्यांना समजावून सांगायला हवा. आमचा मुलूख उसाचा. शेजारच्या हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना इंग्रजांच्या काळातच उभा राहिला, आणि नंतर आसपास सहकारी कारखाने आले. आमच्याकडे उचल म्हणजे ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून घेतो ती आगाऊ रक्कम. ती फिटेपर्यंत माणूस बांधलेला. फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही बांधलेला. आजीचं माहेर अशाच एका गावातलं. तिने हे लहानपणापासून पाहिलं आहे. तिच्या दृष्टीने खुर्चीत घालून जिन्यावरून नेणं ही उचलच होती, आणि नातीच्या पगारातून आलेली साडेसहा लाखांची खुर्ची ही त्याहून मोठी. ती फेडायला तिच्याकडे हंगाम उरले नव्हते. म्हणजे भागाकार तिनेही केला होता. फक्त तो तिने दुसऱ्या बाजूने केला होता.

'कुणावर भार व्हायला नको' हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी असतं. आपण ते ऐकून माना डोलावतो, त्यात स्वाभिमान आहे असं मानतो. 'हातपाय चालते आहेत तोवर देवाने न्यावं' ही तर प्रार्थनाच झाली आहे. मला त्याचा आता राग येतो. कारण या वाक्याचा उलटा अर्थ असा होतो की ज्याचे हातपाय चालत नाहीत त्याने असणं हीच चूक आहे.

अलास्डेर मॅकिन्टायर या तत्त्वज्ञाने १९९९ साली 'डिपेन्डन्ट रॅशनल ॲनिमल्स' नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधारण असं की पाश्चात्त्य नीतिविचाराने माणूस म्हणून बहुतेक वेळा धडधाकट, स्वतंत्र, प्रौढ माणूसच डोळ्यांसमोर ठेवला. आजारी, अपंग, म्हातारी माणसं त्यात आली ती 'आपण' ज्यांच्यावर दया करायची ते 'इतर' म्हणून. प्रत्यक्षात आपण सगळेच आयुष्याच्या सुरुवातीला दुसऱ्याच्या हातांवर वाढतो, शेवटी पुन्हा तिथेच येतो आणि मधेही अनेकदा तिथे असतो. तेव्हा कुणावर तरी अवलंबून असणं हा अपवाद नाही, आणि ते कबूल करता येणं हा एक सद्गुणच आहे.

हे मी आजीला मराठीत सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "त्याला सांग नेवाशाला येऊन जा."

नेवासं आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर, प्रवरेकाठी. ज्ञानेश्वरी तिथे सांगितली गेली, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये. परंपरा असं सांगते की ज्ञानेश्वर ज्या खांबाला टेकून बसले तो पैसाचा खांब. दुर्गा भागवतांच्या 'पैस' या पुस्तकाचं नाव त्यावरूनच आलं. सांगितलेलं लिहून घेतलं ते सच्चिदानंदबाबांनी. आजी लहानपणी बैलगाडीने तिथे गेली होती आणि लग्नानंतर कितीतरी वेळा एसटीने. तिचा मुद्दा साधा होता: ज्याने एवढं सांगितलं त्यालाही टेकायला खांब लागला आणि लिहायला दुसऱ्याचा हात लागला, मग हे काय नवीन सांगतो?

"मग तुला काय झालं टेकायला?" मी विचारलं.

"टेकीन की. टेकणं निराळं आणि उचलून नेणं निराळं. खांब कुणाला उचलून नेत नाही."

*

सप्तशृंगी गडावर २०१८ पासून ट्रॉली सुरू आहे. रुळांवरून डोंगराच्या अंगाने वर जाणारी. त्याआधी ज्यांना पायऱ्या झेपत नसत ते डोलीत बसून जात किंवा खालूनच हात जोडत. आज तरुण पोरंही ट्रॉलीने जातात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आमच्या ओळखीतल्या एक काकू ट्रॉलीच्या रांगेतले फोटो हौसेने स्टेटसला ठेवतात. त्याच काकू आमच्या घरी खुर्चीचा विषय निघाल्यावर म्हणाल्या, "बाई गं, एवढी वेळ आली का?"

रूळ तोच, तत्त्व तेच. मग फरक कशाचा? ट्रॉलीत सगळे बसतात म्हणून ती सोय. घरातल्या खुर्चीत एकटीच बसते म्हणून ते अपंगत्व. खरं तर जिना हीसुद्धा सोयच आहे, चालत्या पायांच्या माणसांसाठी केलेली. जिना नसता तर आम्हीही कुणी वर पोचलो नसतो. पहिल्या मजल्यावर जायला बांधकाम लागतंच. प्रश्न एवढाच की ते बांधताना कुणाचे पाय डोळ्यांसमोर होते. आजोबांच्या डोळ्यांसमोर पस्तिशीचे स्वतःचे पाय होते. त्यांना दोष देत नाही. पण आजी जिना उतरू शकत नाही याची निम्मी जबाबदारी जिन्याची आहे, हे मला पटलं.

२००७ सालचा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या सांभाळाचा कायदा मी तेव्हाच वाचून काढला. त्या कायद्यात 'मुलं' या शब्दात सज्ञान नातू आणि नातही येते, म्हणजे मीही. सांभाळ म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. या चारही बाबतींत आमचं घर पूर्ण मार्कांनी पास होतं. चौदा महिने आजीला गरम जेवण, धुतलेलं लुगडं, डोक्यावर छप्पर आणि वेळेवर गोळ्या मिळत होत्या. दुकानासमोरचा ओटा मिळत नव्हता. तिथे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकणं, गिऱ्हाइकाला 'पोरगी दिली का' विचारणं, रामनवमीच्या यात्रेत पाळण्यांचे आवाज ऐकणं मिळत नव्हतं. कायद्याने ते देता येणार नाही. पण ते नसलं तर उरलेल्या चार गोष्टी माणसाला जिवंत ठेवण्यापुरत्याच होतात.

*

आजीने मत बदललं ते माझ्या कुठल्याच युक्तिवादाने नाही.

१९५७ सालचा 'विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन' हा बिली वाइल्डरचा सिनेमा आहे. चार्ल्स लॉटनने त्यात हृदयविकारातून उठलेल्या वकिलाचं काम केलं आहे. त्याच्या घरी जिन्याची खुर्ची बसवलेली असते. नर्स त्याला वर झोपायला पाठवत असते, तेवढ्यात खाली एक सॉलिसिटर अशिलाला घेऊन येतो. वकिलाला सॉलिसिटरच्या खिशातले सिगार दिसतात आणि तो खुर्ची उलटी फिरवून पुन्हा खाली येतो. मी तो तुकडा आजीला फोनवर दाखवला. तिला इंग्रजी कळत नाही, पण ती हसली. मग तिने विचारलं, "हे थांबवतं कोण?"

"तोच. हाताशी कळ असते. दाबून धरली की चालते."

"आणि सोडली की?"

"सोडली की थांबते. जिथे असेल तिथे."

"मधेच?"

"मधेच."

तिने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. या वेळी ती त्या माणसाचा हात बघत होती.

मी इतके दिवस वजन, वेग, बॅटरी, हमी यांची तुलना करत होते. दाबून धरलेल्या कळीचा मुद्दा प्रत्येक माहितीपत्रकात सुरक्षिततेच्या यादीत कुठेतरी खाली लिहिलेला होता आणि मी तो वाचून सोडून दिला होता. आजीसाठी सगळा प्रश्न तिथेच होता. प्लॅस्टिकच्या खुर्चीत ती 'थांबा' म्हणाली होती आणि कुणी थांबलं नव्हतं. दोन प्रेमळ माणसं तिला जपून नेत होती, तरी नेणारे ते होते आणि ती सामान होती. या यंत्राला प्रेम नाही. पण ते तिच्या अंगठ्याखाली आहे.

माणसाची मदत चांगली आणि यंत्राची कोरडी, असं आपण सहज मानतो. मीही मानत होते. मला भीतीसुद्धा होती की खुर्ची आली की आजीचा हात धरायला कुणी उरणार नाही, आपण पैसे देऊन तिच्यापासून सुटका करून घेऊ. ही भीती खोटी नाही. पुण्यात बसून ऑनलाइन काहीतरी पाठवून देणं आणि मग फोन कमी करणं मला जमतं, मी ते केलेलं आहे. पण याचा दोष मदतीच्या प्रकाराचा नाही. उचलण्याचं काम यंत्राने केलं तर हात धरायला हात मोकळा राहतो. धरायचा की नाही हे मग आपल्यावर येतं, आणि तेव्हा सबब उरत नाही.

*

तिच्या होकाराला दोन अटी होत्या.

पहिली, तिला आधी बसून बघायचं होतं. ओळखीतून पुण्यात एका घरी अशी खुर्ची असल्याचं कळलं. तिला तिथपर्यंत नेणं शक्य नव्हतं, म्हणून मी स्वतः बसून आले. अरुंद जिन्यात गुडघे समोरच्या भिंतीला किती जवळ येतात, वर उतरताना हात कुठे लागतो, हे बघून घेतलं. मग घरी तेवढ्याच उंचीच्या स्टुलावर आजीला बसवून गुडघे किती वाकतात ते मोजलं. हे काम मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. जिना चार वेळा मोजला आणि माणूस शेवटी.

दुसरी अट तिने गवंड्यासमोर घातली. गवंडी आमच्या ओळखीचा. त्याने जिना बघितला आणि म्हणाला, वळणाच्या तीन पायऱ्या फोडून सरळ घेतल्या तर जिना दुकानात उतरेल, दुकानाची अडीच-तीन फूट जागा जाईल, पण रूळ सरळ लागेल. सरळ खुर्चीचा भाव ३ लाख २० हजार होता. बाबा दोन दिवस गप्प होते. मेन रोडजवळ दुकानाची तीन फूट जागा म्हणजे काय ते दुकानदारालाच कळतं. शिवाय मुलीच्या पैशाने घरात काही घ्यायचं याचं त्यांना ओझं होतं, ते बोलत नव्हते एवढंच. शेवटी म्हणाले, बांधकाम माझं, जागा माझी, खुर्ची तुझी. उचलीचा हिशेब असा वाटला गेला.

आजी म्हणाली, "आधी माळ्यावरची पोती खाली आणा."

जिन्याच्या वरच्या टोकाला आमचा माळा आहे. दुकानाचा जादा माल तिथे असतो आणि मामा तो पाठीवरून वर नेतात. पूर्वी शंभर किलोचं पोतं असे, आता पन्नासचं. महाराष्ट्रात १९६९ सालापासून माथाडी कायदा आहे, हमालाच्या कामाला त्याने काहीएक संरक्षण दिलं. पण गुडघ्यांना कायदा कळत नाही. मामा सत्तावन्न वर्षांचे आहेत. आजीला उतरवून झाल्यावर त्यांनी चोळला तो गुडघा याच जिन्याने झिजवला आहे.

मला वाटलं आजीला मामांची काळजी वाटली. मी तसं म्हटलं. ती म्हणाली, "तसं नव्हं. माझ्या खुर्चीला पोतं घासलं म्हंजी?"

तर कारण खुर्चीचं होतं. माळा रिकामा झाला, माल मागच्या गोदामात गेला आणि मामांचं जिना चढणं थांबलं. आम्हा सगळ्यांना त्याआधीही दिसत होतं की साठीकडे आलेला माणूस रोज पाठीवर ओझं घेऊन सतरा पायऱ्या चढतो. आजीच्या गुडघ्यासाठी मी लाखांचे भाव काढत होते आणि त्याच जिन्यावरच्या दुसऱ्या गुडघ्याचा विचार एकदाही केला नव्हता. आपल्या माणसासाठी जास्त करावं यात चूक नाही, पण दुसरा दिसूच नये यात आहे. मामांचं भलं झालं ते एका म्हातारीला आपल्या नव्या खुर्चीला ओरखडा नको होता म्हणून. तीस वर्षांचं झिजणं त्याने भरून येत नाही, आणि त्याचं आमच्या घरावर जे देणं आहे ते कसं फेडायचं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

*

खुर्ची बसून आता सहा महिने झाले. जिना दुकानात उतरतो, त्यामुळे आजी थेट गल्ल्याशेजारी पोचते. रोज साडेदहाला खाली येते, दुपारी वर जाते. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे ती गिऱ्हाइकाला भाव कमी करून देते. यंदा रामनवमीला ती ओट्यावर रात्री अकरापर्यंत बसली होती.

कधी कधी बॅटरीचा दिवा लुकलुकतो आणि मग माणूस बोलवावा लागतो. कधी आजी पट्टा लावायचा कंटाळा करते आणि आई तिच्यावर ओरडते. पूर्वी आई तिच्यावर ओरडत नसे. चौदा महिने ती सगळ्यांची इतकी लाडकी झाली होती की तिच्याशी कुणी भांडतही नव्हतं.

खाली येताना बाबा तिच्यापुढे दोन पायऱ्या चालतात. गरज नाही, पण चालतात. अधूनमधून जिन्याच्या मध्यावर ती कळ सोडते. खुर्ची थांबते. बाबा मागे वळून विचारतात, काय झालं? ती म्हणते, काही नाही. थोडा वेळ तिथेच बसते, खाली दुकानात कोण आलं आहे ते बघते, आणि मनात आलं की पुन्हा कळ दाबते.